ऑफिसच्या पार्किंगमधल्या गाडीत पिस्तूल: नियम कंपनीचा की राज्याचा?

फ्रिस्कोकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी रोमात (नुसता वाचक) असतो, पण गेल्या बुधवारपासून नीट झोप नाही, म्हणून हा धागा.

राहायला टेक्सासात डॅलसजवळ फ्रिस्को, ऑफिस लास कोलिनासला. टोलचे पैसे वाचावेत म्हणून दीड वर्ष एका सहकाऱ्याबरोबर कारपूल करतोय. त्याला आपण बॉब म्हणू. साधा, देवभोळा, दर दिवाळीला हक्काने चकल्या मागून नेणारा माणूस. बुधवारी त्याची गाडी होती. परतताना त्याची पाठ धरली, म्हणाला तू चालव. मी चालवली. वाटेत मला शिंकांवर शिंका. म्हटलं, टिश्यू दे रे. त्याने ग्लोव्ह बॉक्स उघडला, आतलं पिस्तूल बाजूला सारलं आणि टिश्यू काढून दिला. आपण डबा काढताना लोणच्याची बरणी बाजूला सारतो ना, अगदी तसं.

मी काही बोललो नाही. घरी आल्यावर कंपनीचं हँडबुक उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की कंपनीच्या आवारात, पार्किंग धरून, शस्त्र आणायचं नाही.

तर प्रश्न दोन.
१. बॉब दीड वर्ष रोज नियम मोडतोय का? की टेक्सासात असं चालतं?
२. मी एच-१बी वर (नोकरीचा तात्पुरता व्हिसा) आहे. ती गाडी मी चालवली. आता?

बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती इथे वाचत नाही अशी आशा.

गोट्या_सातारकर

खुर्ची ओढून बसलोय. वहिनी वाचत असतील तर त्यांनी हात वर करावा.

ह्यूस्टनची_ताई

फ्रिस्कोकर, आधी पाणी पी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. टेक्सासच्या कामगार संहितेत कलम ५२.०६१ आहे, १ सप्टेंबर २०११ पासून लागू. कर्मचाऱ्याकडे बंदूक कायदेशीर असेल, गाडी त्याची स्वतःची असेल आणि तिला कुलूप असेल, तर कंपनीने कर्मचाऱ्यांना दिलेल्या पार्किंगमध्ये ती बंदूक गाडीत ठेवायला मालक मनाई करू शकत नाही. काडतुसांनाही तेच लागू. इमारतीच्या आत मात्र कंपनी खुशाल बंदी घालू शकते. कंपनीने दिलेल्या गाडीतही. म्हणजे बॉबने ती खिशात घालून लिफ्टमध्ये पाय ठेवला तर गेला. गाडीत आहे तोवर हँडबुकातलं ते वाक्य टेक्सासपुरतं पोकळ. बऱ्याच कंपन्यांचं हँडबुक एकच असतं, पन्नास राज्यांसाठी छापलेलं, आणि खाली बारीक अक्षरात ‘राज्याचा कायदा वेगळा असल्यास तो लागू’. ती ओळ शोध, असणार.

अपवाद आहेत. शाळांना हे कलम लागू नाही. रिफायनऱ्या आणि रासायनिक कारखान्यांनाही सवलत आहे. मी आठ वर्षं शिप चॅनेलजवळ एका रिफायनरीत होते. तिथे कुंपणाच्या आतल्या, पहारा असलेल्या पार्किंगमध्ये बंदी होती. टाक्यांशेजारी कुणाची बंदूक उडाली तर पुढचं बोलायला कोणी उरायचं नाही, एवढा साधा हिशोब.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी बोलत नाही. तो गंभीर आहे.

कोथरूडची_खिडकी

थांबा. जागा कंपनीची. डांबर कंपनीचं. पट्टे कंपनीने मारलेले. आणि गाडीत काय ठेवायचं हे कंपनी सांगू शकत नाही?

आमच्या सोसायटीत पाहुण्याची गाडी रात्री दहानंतर दिसली की चाकाला साखळी लावतात. सेक्रेटरींना टेक्सासला पाठवा, आठवड्यात कायदा बदलून येतील.

तल्सावाला

खिडकीताई, विनोद बाजूला ठेवला तर हाच मुद्दा कोर्टात बरीच वर्षं गाजला, आणि तो आमच्या ओक्लाहोमात सुरू झाला.

२००२ ची गोष्ट. राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात व्हॅलियंट नावाचं छोटं गाव, तिथे वेयरहाउझर कंपनीची कागद गिरणी. कंपनीने कुत्रे आणून पार्किंगमधल्या गाड्या हुंगवल्या. शोध खरं तर अमली पदार्थांचा होता. सापडल्या बंदुका. तो सगळा हरणांच्या शिकारीचा मुलूख, पिकअपमध्ये रायफल असणं म्हणजे आपल्याकडे शेतकऱ्याच्या सायकलला विळा अडकवलेला असण्यासारखं. कामगारांना काढून टाकलं. गावात आगडोंब. २००४ मध्ये विधिमंडळाने कायदाच केला की कुलूपबंद गाडीतल्या बंदुकीला मालकाने हरकत घ्यायची नाही.

मग मोठ्या कंपन्या कोर्टात. कोनोकोफिलिप्स त्यात पुढे होती. त्यांचा युक्तिवाद असा की कामाची जागा सुरक्षित ठेवायची जबाबदारी केंद्रीय कायद्याने आमच्यावर टाकलीय, मग राज्य आमचे हात कसे बांधतं? २००७ मध्ये जिल्हा न्यायाधीशांना हे पटलं आणि त्यांनी कायद्याला स्थगिती दिली. २००९ मध्ये दहाव्या सर्किटच्या (ओक्लाहोमा ज्यात येतं त्या) केंद्रीय अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. तेव्हापासून कायदा पक्का, आणि बाकीच्या राज्यांना रस्ता मोकळा झाला.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. एकीकडे रायफलवाल्यांची संघटना, दुसरीकडे उद्योजकांचे चेंबर. एरवी दोघं एकाच पंगतीत जेवणारे. इथे एक म्हणतो बंदूक माझा हक्क, दुसरा म्हणतो जमीन माझा हक्क. आमदारांचा पार चेहरा पडला होता.

शेवग्याची_शेंग

फ्लोरिडाची भर घालते. आमच्याकडे हा कायदा २००८ चा. ज्याला बंदूक बाळगायची कायद्याने मुभा आहे अशा कर्मचाऱ्याला ती गाडीत ठेवू द्यावीच लागते. गिऱ्हाइकांनाही तोच हक्क दिला होता, पण फेडरल न्यायाधीशांनी तेवढा भाग थांबवला. अपवादांच्या यादीत तुरुंग, शाळा, अणुवीज केंद्रं आणि स्फोटकांशी संबंधित जागा.

आता ओळखा पाहू, स्फोटकांच्या अपवादात कोण जाऊन बसलं?

डिस्ने वर्ल्ड! रोज रात्री राजवाड्यावर फटाके उडवतात ना, त्यासाठी त्यांच्याकडे स्फोटकांचा केंद्रीय परवाना आहे. म्हणून म्हणाले, आम्हाला हा कायदा लागूच नाही. एका सुरक्षारक्षकाने मुद्दाम गाडीत पिस्तूल आणलं, तर त्याला घरी पाठवलं.

गोट्या_सातारकर

म्हणजे मिकी माऊस कायद्याने दारूगोळा कारखानदार. आमच्या जत्रेतल्या शोभेच्या दारूवाल्याला कळवतो, त्याचीही वट वाढेल.

कागदपत्रवाली_मावशी

दुसऱ्या प्रश्नावर कोणीच येईना म्हणून लिहिते. मी वकील नाही. इमिग्रेशनच्या वकिलांकडे बारा वर्षं कागद लावतेय. हा सल्ला नव्हे, माहिती.

बंदुकांच्या केंद्रीय कायद्यात कलम ९२२(जी)(५)(बी) आहे. नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या मुक्कामाच्या) व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगायचं नाही. त्यात एच-१बी आला, एच-४ आला, विद्यार्थ्यांचा एफ-१ आला. राज्य टेक्सास असो की व्हरमाँट, फरक पडत नाही. टेक्सासने सप्टेंबर २०२१ पासून विनापरवाना पिस्तूल बाळगायची मोकळीक दिली, तीही तुम्हाला नाही, कारण केंद्राने आधीच दार लावलंय. शिक्षा २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत. ग्रीन कार्डवाल्यांना हे कलम लागू नाही, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरले तर तेही देशाबाहेर जाऊ शकतात.

एक खिडकी आहे. कुठल्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना असेल तर ही मनाई उठते. हो, खरंच. कायद्यात तसंच आहे.

आता ‘बाळगणं’ म्हणजे काय. हातात असणं म्हणजे बाळगणं, हे सगळ्यांना कळतं. पण बंदूक तिथे आहे हे ठाऊक असणं आणि ती ताब्यात घेण्याची ताकद आणि इरादा असणं, यालाही कोर्टं ताबा मानतात. शेजारी नुसतं बसलेल्याचा ताबा सिद्ध करणं अवघड. पण स्टिअरिंग तुमच्या हाती, किल्ली तुमच्या हाती, ग्लोव्ह बॉक्सला कुलूप नाही आणि मालक पाठ धरून बसलेला, हे चित्र पोलिसांना समजावून सांगायची वेळ कुणावर येऊ नये.

२०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आरोपीला स्वतःचा व्हिसाचा दर्जा ठाऊक होता हेही सरकारने सिद्ध केलं पाहिजे. तो खटला फ्लोरिडातल्या एका विद्यार्थ्याचा होता. कॉलेजातून नाव कमी झालं, त्यामुळे व्हिसाचा दर्जा गेला आणि तो शूटिंग रेंजवर गेला. पण त्या निकालाचा आपल्याला काय उपयोग? आपला एच-१बी आपल्याला झोपेतही ठाऊक असतो.

बुधवार झाला तो झाला. तेव्हा टिश्यू निघेपर्यंत तुला माहीतही नव्हतं. आता माहीत आहे, हा फरक लक्षात ठेव. आणि कृपा करून एचआरला ईमेल टाकू नकोस.

नाशिक_टू_नॅशव्हिल

मावशी, बाकी सगळं मान्य, ईमेलचं नाही. कंपनीला कळवायला नको? उद्या त्याच माणसाचं डोकं फिरलं तर?

कागदपत्रवाली_मावशी

कळव, पण काय म्हणून कळवणार? कायद्याने चालतं ते करतोय म्हणून? आणि त्या ईमेलात पहिलं वाक्य येणार ‘मी गाडी चालवत असताना’. आधी स्वतःचा वकील, मग बाकी जग.

रानडुक्कर_टेक्सास

बरंच वाचलं. आता दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी, तर मीच. नागरिक आहे, पंधरा वर्षं इथे आहे, सुट्टीत रानडुकरांची शिकार करतो (टोपणनावाचं कारण तेच).

माझी बायको नर्स. शिफ्ट संपवून रात्री तीनला निघते, पस्तीस मैल, अर्धा रस्ता ओसाड. तिच्या गाडीत पिस्तूल असतं. हॉस्पिटलने पार्किंगमध्ये बंदी घातली असती तर ती फक्त पार्किंगपुरती उरते का? घरून निघतानाच ठेवून यावं लागेल. म्हणजे जाताना नाही, येताना नाही, वाटेत गॅस भरताना नाही. मालकाचा नियम चार पट्ट्यांपुरता दिसतो, लागू होतो सत्तर मैलांना. हा कायदा त्यासाठी आहे. खिडकीताईंना डांबर दिसतं, मला तो रस्ता दिसतो.

बॉबचं चुकलं एकच. दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग देण्याआधी सांगायला हवं होतं.

मेम्फिसची_मैना

रानडुक्कर दादा, वहिनींची काळजी समजते, खरंच. पण मी सांगते ते पण ऐका.

आमच्या टेनेसीत २०१३ पासून डिकीतल्या बंदुकांचा कायदा आहे. आधी तर गंमतच झाली. कायद्याने गुन्हा नाही असं ठरवलं, पण राज्याच्या ॲटर्नी जनरलचं मत आलं की मालक तरीही नोकरीवरून काढू शकतो. म्हणजे तुरुंग नाही, पण पगारही नाही. ते दुरुस्त करायला २०१५ उजाडलं.

पण माझा मुद्दा चोरीचा. इथे डाउनटाउनमध्ये सामना सुटला की फुटपाथवर काचांचा सडा. पोरं स्टिरिओ चोरत नाहीत हो आता. सीटखाली हात घालतात. माझ्या शेजाऱ्याची गाडी फोडली. लॅपटॉप तसाच, पिस्तूल गायब. त्याला सीरियल नंबरही माहीत नव्हता. केंद्राच्या एटीएफ खात्याच्या (बंदुकांवर देखरेख ठेवणारं खातं) अहवालात २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत दहा लाखांहून जास्त बंदुका चोरीला गेल्याची नोंद आहे, आणि त्यातल्या बहुतेक दुकानांतून नाही, सामान्य लोकांकडून. गाडी म्हणजे काचेची तिजोरी.

बे_एरियाचा_बाळ्या

मैनाताईंना अनुमोदन. सॅन फ्रान्सिस्कोत २०१५ मध्ये धक्क्यावर फिरणारी एक तरुणी गोळी लागून गेली. ते पिस्तूल एका केंद्रीय रेंजरचं होतं, चार दिवस आधी त्याच्या गाडीतून चोरलेलं. प्रशिक्षित माणसाच्या गाडीतून! त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०१७ पासून पोलिसांनाही नियम लावला की गाडी सोडून जाताना पिस्तूल डिकीत किंवा नजरेआड कुलूपबंद पेटीत. कोलोराडोत १ जानेवारी २०२५ पासून तसंच, टणक पेटीत आणि दिसणार नाही असं.

म्हणजे ‘ठेवू द्या’ म्हणणारी राज्यं आणि ‘नीट ठेवा’ म्हणणारी राज्यं वेगळी. दोन्ही एकदम म्हणायला काय जातं?

रानडुक्कर_टेक्सास

बाळ्या, पेटी मीही वापरतो. सीटच्या लोखंडाला केबलने बांधलेली. तुझ्या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण नाही. मैनाताई, तुमच्या शेजाऱ्याने सीरियल नंबर लिहून ठेवला नव्हता हे मात्र अक्षम्य आहे.

एडिसनची_भाकरी

रच्याकने (म्हणजे ‘बाय द वे’, इथे शब्दशः रस्त्याच्या कडेने), कोणी टेक्सास सोडून न्यू जर्सीला येत असेल तर सामानात काय आहे ते बघा. इथे बंदूक सहसा न भरलेली आणि कुलूपबंद डिकीत किंवा पक्क्या बंद पेटीत लागते, मालकाने पार्किंगमध्ये नको म्हटलं तर नको. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना १९८६ चा केंद्रीय कायदा वाटेत संरक्षण देतो, पण दोन्ही टोकांना ती बाळगणं कायदेशीर असेल तरच, आणि ती हाताशी नसेल तरच. डिकीच नसेल तर कुलूपपेटी हवी, आणि त्या कायद्यात ग्लोव्ह बॉक्स कुलूपपेटीत धरत नाहीत.

बॉब, ऐकतोयस ना?

निवृत्त_फौजदार

इथे बसून वाचतोय आणि हसतोय. मी बत्तीस वर्षं पोलीस खात्यात, सोलापूर आणि कोल्हापूर. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा. परवान्याशिवाय हात लावायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रं, पूर्वी तीन होती. निवडणूक लागली की बागायतदार मंडळी बारा बोअर खांद्यावर टाकून ठाण्यात जमा करायला येत, पावती घेत आणि निकाल लागल्यावर परत न्यायला येत. हल्ली सरसकट नाही, कोणाची जमा करायची ते छाननी समिती ठरवते. गाडीत बंदूक टाकून हॉटेलात जेवायला गेलेला परवानाधारक सापडला, तर आम्ही आधी त्याच्या परवान्याची शिफारसच परत बघायचो.

पण ताब्याबद्दल मावशी म्हणतात ते आपल्याकडेही तसंच आहे. वस्तू अंगावर असलीच पाहिजे असं नाही. ती आहे हे ठाऊक असणं आणि तिच्यावर हुकमत असणं, हे सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच सांगितलंय. नुसती जवळ असून भागत नाही, जाणीव हवी.

ह्यूस्टनची_ताई

काका, त्यावरून आठवलं. माझ्या मैत्रिणीचा मुलगा मित्रांबरोबर रेंजवर गेला होता. एक काडतूस बॅकपॅकच्या तळाशी राहिलं. तीच बॅग घेऊन डिसेंबरात भारतात. येताना कोणाला दिसलं नाही, परत निघताना मुंबईत स्कॅनरवर दिसलं. विमान गेलं, गुन्हा नोंदला, वकील लागला. सुटला, पण सुट्टी कोर्टात गेली. रेंजवर जाणाऱ्यांनी बॅग वेगळी ठेवा, हात जोडून सांगते.

निवृत्त_फौजदार

बरोबर. अशी प्रकरणं विमानतळावर नेहमीची आहेत. जाणीव नव्हती हे पटलं तर उच्च न्यायालयं गुन्हा रद्द करतात. पण तोवर चपला झिजतात.

गणपती_पार्किंग_समिती

माझा प्रश्न विषयाला धरून आहे, म्हणून वेगळा धागा काढत नाही. आमच्या मंडळाचा गणेशोत्सव दरवर्षी भाड्याने घेतलेल्या शाळेत होतो. पार्किंग शाळेचंच. मागच्या वर्षी पाचशे गाड्या. आता कळतंय की पाचातल्या एकात काय असेल कोण जाणे. मंडळाने काही सूचना द्यावी का?

तल्सावाला

द्या. शाळांचा केंद्रीय कायदा वेगळा आणि कडक. शाळेचं आवार आणि भोवतीचे १,००० फूट. १९९० मध्ये केला, १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाडला, १९९६ मध्ये दुरुस्त करून परत आणला. ज्याला त्या राज्याने परवाना दिलाय त्याला सूट. बाकीच्यांनी गाडीत न भरलेली, कुलूपपेटीत ठेवायची. मेख अशी की आता अनेक राज्यांत परवानाच लागत नाही, म्हणून लोक काढत नाहीत, आणि मग ही सूटही मिळत नाही. वर शाळेचे आणि राज्याचे नियम वेगळे, ते शाळेलाच विचारा.

पोस्ट ऑफिसचं पार्किंगही तसंच. लुईझियानातल्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या गाडीत टपालखात्याच्या आवारात पिस्तूल सापडलं, २००९ मध्ये अपील कोर्टाने बंदी योग्य ठरवली. राज्याचे पार्किंगचे कायदे केंद्राच्या डांबरावर चालत नाहीत.

गोट्या_सातारकर

सूचना अशी लिहा: ‘मोदक गाडीत ठेवू नयेत, उन्हाने खराब होतात. बाकीचंही घरीच ठेवावे.’

गणपती_पार्किंग_समिती

दिवे घेतले (विनोद कळला). दुसरं वाक्य खरंच वापरणार आहे.

कोथरूडची_खिडकी

मला रानडुक्कर यांचा सत्तर मैलांचा मुद्दा दोन दिवस डोक्यात बसलाय. पटलेला नाही, पण उत्तरही सापडत नाही. जागेचा मालक मीच असते तर माझ्या दारात काय येतंय हे मला ठरवता यायला हवं असंच वाटतं. आणि त्या नर्सताई पहाटे तीनला त्या रस्त्यावर एकट्या हेही दिसतं. असो. आज आमच्याकडे परत साखळी लागलीय, या वेळी डॉक्टरांच्या गाडीला.

फ्रिस्कोकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

वकिलीणबाईंशी अर्धा तास बोललो (अर्ध्या तासाचे पैसे बघून टोल स्वस्त वाटायला लागला). मावशींनी लिहिलं होतं तेच त्या म्हणाल्या. ती गाडी चालवायची नाही, किल्ली घ्यायची नाही, गाडीत एकट्याने बसायचं नाही. शिकारीच्या परवान्याचं विचारलं, तर म्हणाल्या, शिकारीला जाणार असाल तर काढा, कारपूलसाठी नको.

मग बॉबशी बोललो. मला वाटलं चिडेल. तो आधी कळवळला, त्याला व्हिसाचा नियम माहीतच नव्हता. मग हँडबुकचा विषय काढला, तर हसला. ग्लोव्ह बॉक्स उघडून पिस्तुलाखालून एक कागद काढला. कलम ५२.०६१ ची प्रिंट, २०११ ची, घड्यांवर फाटलेली. म्हणाला, दर नव्या मॅनेजरला एकदा दाखवावी लागते.

शनिवारी त्याने केबलवाली पेटी आणली, स्वतःच्या सीटखाली बांधली. किल्ली त्याच्या गळ्यात, क्रॉसच्या शेजारी. आणि पाठ धरेल त्या दिवशी माझी गाडी, असं ठरलंय.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तिने पहिल्याच दिवशी वाचलं होतं.

ह्यूस्टनची_ताई

वहिनींना माझा नमस्कार सांग. आणि आता टिश्यू कुठे असतात?

फ्रिस्कोकर (धागाकर्ता)

मागच्या सीटवर. चकल्यांच्या रिकाम्या डब्यात.